विश्लेषण : सोफ्यामागच्या भिंतीवर फोटो किती उंचीवर लावावेत?

मंचरजवळच्या अवसरी बुद्रुकमध्ये, किंबहुना आंबेगाव-जुन्नरच्या कुठल्याही गावात, जुने घर उतरवून स्लॅबचे घर बांधले की सामानाची यादी ठरलेली असते. पत्र्याची पेटी, पाटा-वरवंटा, देवघर आणि तक्तपोशीखाली टांगलेल्या काळवंडलेल्या तसबिरी. बाकीच्यांना जागा मिळते. तसबिरी मात्र गोणपाटात गुंडाळून माळ्यावर जातात, कारण नव्या हॉलमध्ये सोफ्यामागे त्या लावायच्या कशा, हे कोणालाच नीट ठरवता येत नाही.

जुन्या घरात फोटो इतके उंच का असत?

त्याला कारण होते. बैठक जमिनीवर, सतरंजीवर असे. भिंतीचा खालचा भाग खुंट्या, कोनाडे आणि फडताळांनी व्यापलेला. त्यामुळे तसबीर सात-आठ फुटांवर जाई आणि दोरी सैल ठेवून ती पुढे झुकवली जाई. खाली बसलेल्याला ती सरळ दिसे, काचेवर दाराचा उजेडही चमकत नसे.

या भिंतींवर देवादिकांची रंगीत चित्रे आली ती छापखान्यांमुळे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला आणि काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला, म्हणजे याच पुणे जिल्ह्यात हलवला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती सामान्य घरांतही पोहोचल्या. एखाद्या जुन्या तसबिरीच्या खालच्या कडेला छापखान्याचे नाव बारीक अक्षरात दिसते. रद्दीत देण्याआधी ते वाचून पाहावे.

आता मोजमाप काय?

बैठक सोफ्यावर आली, पण हात सवयीने वरच जातो. मग सोफा खाली, फोटो वर आणि मध्ये तीन फुटांची कोरी भिंत, असे दिसते. सोफ्याच्या पाठीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत सहा ते आठ इंच अंतर पुरते. त्यापेक्षा कमी ठेवल्यास मागे टेकणाऱ्याचे डोके लागते.

रुंदीचा अंदाज सोपा आहे. चित्र किंवा चित्रांचा गट सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश असावा. सोफा साडेसहा फुटांचा, म्हणजे ७८ इंच असेल, तर गट ५२ इंचांच्या आसपास. एकच छोटी फ्रेम एवढ्या भिंतीवर हरवून जाते.

संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे ५७ इंचांवर, उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीत ठेवण्याची पद्धत आहे. घरीही ती चालते. सोफ्याची पाठ ३३ इंच उंच, वर आठ इंच मोकळे आणि गटाची उंची ३२ इंच धरली, तर मध्य बरोबर ५७ वर येतो. गट त्याहून बुटका असेल, तर ५७ चा हट्ट सोडून सोफ्यापासूनचे अंतर पाळावे.

खिळा नेमका कुठे?

सर्वाधिक चुका इथेच होतात. फ्रेमची वरची कड जिथे हवी तिथे खिळा ठोकला, की फ्रेम हवी त्यापेक्षा वर जाते. दोरी मध्यभागी बोटाने वर ताणावी आणि तिथून वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. कड ६९ इंचांवर हवी आणि हे अंतर तीन इंच असेल, तर खिळा ६६ वर.

चार-पाच फोटो असतील तर आधी चादर अंथरून जमिनीवर मांडणी करावी. दोन फ्रेममध्ये दोन-तीन इंच अंतर सगळीकडे सारखे ठेवावे. मग प्रत्येक फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून तो चिकटपट्टीने भिंतीवर लावावा आणि दोन दिवस पाहावे. (ई-पेपर वाचणाऱ्यांना यासाठी शेजाऱ्याकडे रद्दी मागावी लागेल.)

खाली माणसे बसणार असल्याने जड, काचेची फ्रेम नुसत्या प्लास्टरमधल्या खिळ्यावर सोडू नये. ड्रिलने भोक पाडून त्यात प्लॅस्टिकचा प्लग आणि स्क्रू बसवावा. रुंद फ्रेमला दोन. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक मारू नये, आतून वायर गेलेली असते.

आजोबांच्या फोटोचे काय?

जुना फोटो बऱ्याचदा ओल धरून काचेला चिकटलेला असतो. नवी फ्रेम करताना तो ओढून काढला, की चेहराच काचेवर राहतो. अनेक घरांत आजोबा-पणजोबांचा तेवढा एकच फोटो असतो. चिकटलेला दिसला तर हात न लावता काचेसकटच स्टुडिओत नेऊन प्रत काढून घ्यावी. मोबाइलने काढायचा असल्यास फ्लॅश बंद, उजेड बाजूने. भिंतीवर प्रत लावावी, मूळ फोटो कोरड्या कपाटात ठेवावा.

सोफ्यामागची भिंत बाहेरच्या बाजूची असेल तर पावसाळ्यात ती ओल धरते. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या चिकटवल्या की हवा खेळती राहते आणि बुरशी कमी धरते. समोरच्या खिडकीतून थेट ऊन येत असेल तर रंगीत फोटो तिथे नकोतच.

हार घातलेले फोटो आणि देवांच्या तसबिरी सोफ्यावर लावाव्यात का, हा ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न. देवाकडे पाठ करून बसणे अनेकांना पटत नाही. व्यवहाराची अडचण वेगळीच आहे. ताज्या हाराचे पाणी भिंतीवर ओघळते, पाकळ्या पाहुण्यांच्या डोक्यावर पडतात आणि दर तिथीला हार बदलायला सोफ्यावर चढावे लागते. म्हणून हाराचे फोटो बाजूच्या भिंतीवर, हात पुरेल अशा उंचीवर सोयीचे. सोफ्यामागे मग लग्नातला, वारीतला, बैलजोडीसोबतचा फोटो लावता येतो. आजोबा त्यातही असतातच.