भीमेचं पाणी धरणात येण्याआधी

‘चासकमानचं आवर्तन कधी सुटणार?’ हा आमच्या तळेगाव ढमढेऱ्यातला बारमाही प्रश्न. शिरूर तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. आमच्या पाटाला पाणी देणारं चासकमान धरण भीमेवर आहे आणि भीमेचा उगम भीमाशंकरला. तिथं ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच रिते होतात, आपल्यापर्यंत उरतंसुरतं येतं. म्हणून रानातला धबधबा पाहायचा म्हटलं की मी लोणावळ्याची गर्दी टाळून भीमाशंकरच्या जंगलातल्या गुप्त भीमाशंकरची वाट धरतो.

चाकण, राजगुरुनगर, वाडा असा रस्ता. भीमाशंकरच्या देवळापासून पुढे पायवाट झाडीत शिरते. वाटेत साक्षी विनायकाचं मंदिर लागतं. शेवाळलेले दगड आणि उघडी पडलेली मुळं यांवर साधी चप्पल टिकत नाही. पाऊस उघडला तरी पानांवरचं पाणी टपटपत राहतं. थांबून वर बघा. उंच फांद्यांवर काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं समजा. आपल्या या राज्यप्राण्यासाठीच १९८५ मध्ये इथं अभयारण्य झालं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं.

धबधबा फार उंच नाही. काळ्या कातळावरून पाणी पडतं, तिथंच शिवलिंग आहे. उगमापाशी लुप्त झालेली भीमा इथं पुन्हा प्रकटते, अशी श्रद्धा आहे. सह्याद्रीचा कातळ म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. खालचा मऊ थर आधी झिजतो, वरचा टणक थर तसाच पुढे राहतो आणि त्या कड्यावरून पाणी उडी घेतं. घाटातले बहुतेक धबधबे असेच घडलेत.

या पाण्याची मला भीतीही वाटते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, आवाज वाढला की फोटो सोडा आणि लगेच उंचावर जा. लोंढ्यातून ओढा ओलांडू नका, पाणी उतरेपर्यंत थांबा.

श्रावणी सोमवार आणि शनिवार-रविवार सोडून जा, निघण्याआधी बंदीचा आदेश नाही ना ते बघा आणि प्लॅस्टिकचा एकही कागद तिथं टाकू नका. ते पाणी पुढे आपल्याच पाटाला येतं.