मनातली हळद किती पिवळी?

मनाचं मोजमाप : भाग ७

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद घेणारा माणूस हळकुंड नुसतं वरून बघत नाही, मोडून बघतो. उकडून, वाळवून, पॉलिश केलेल्या हळकुंडाची साल मातकट पिवळी दिसते, पण आतला गाभा केशरी निघतो. हे वाचताना तो केशरी तुमच्या डोळ्यांपुढे आला का? की केशरी म्हणजे काय हे नुसतं कळलं? हळद लिंबापेक्षा गडद असते हे कुणीही सांगेल. त्यासाठी मनात रंग दिसावाच लागतो असं नाही. म्हणून हे मोजणं अवघड.

पहिला मोठा प्रयत्न फ्रान्सिस गॉल्टन यांचा, १८८० सालचा. आज सकाळचं न्याहारीचं टेबल आठवा, असं सांगून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: चित्रात उजेड किती, रेखीवपणा किती आणि कपबशा, पाव, मोहरी यांचे रंग खरे वाटतात का. त्यांना धक्का बसला तो शास्त्रज्ञ मित्रांच्या उत्तरांनी. मनात चित्र दिसतं ही नुसती बोलण्याची पद्धत आहे, असं त्यातल्या अनेकांना वाटत होतं.

आज सर्रास वापरली जाते ती डेव्हिड मार्क्स यांची १९७३ची प्रश्नावली. सोळा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. त्यात झाडं, डोंगर आणि तलाव असलेला एक देखावा आठवायचा असतो. सातारकरांना त्यासाठी लांब जायला नको. कास तलाव आठवा, मग पठारावर या. भाद्रपदातला तेरड्याचा गुलाबी-जांभळा, सोनकीचा पिवळा, खाली ओल्या कातळालगत सीतेच्या आसवांचा निळा. प्रत्येक रंग वेगळा दिसतो, की सगळे मिळून 'रंगीबेरंगी' एवढंच उरतं? माझ्या मते ही प्रश्नावली आपल्याकडे वापरायची तर असे रोजच्या बघण्यातले देखावेच घ्यायला हवेत. जे कधी नीट पाहिलंच नाही, ते आठवलं नाही म्हणून गुण कापण्यात अर्थ नाही.

तरी एक अडचण राहतेच. तुमचे चार गुण आणि माझे चार गुण सारखे कशावरून? दोघांच्या मनातली हळद शेजारी शेजारी ठेवून बघता येत नाही.

यावर जोएल पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये जी वाट काढली, ती मला फार आवडते. एका डोळ्याला लाल पट्टे दाखवायचे, त्याच वेळी दुसऱ्याला हिरवे. मेंदू दोन्हींची सरमिसळ सहसा करत नाही. एका वेळी एकच दिसतं. आता चित्र दाखवण्याआधी काही सेकंद माणसाला एक रंग मनात आणायला सांगायचं. लाल आणला असेल, तर पुढे लालच दिसण्याची शक्यता वाढते. हा कल जितका जास्त, तितकी कल्पना जोरकस. कल्पना करताना समोर लख्ख उजेड ठेवला की परिणाम कमी होतो. म्हणजे मनातल्या रंगाला डोळ्यांच्याच यंत्रणेत जागा लागते, आणि उजेड ती आधीच अडवतो.

मनात चित्रच उमटत नाही अशा लोकांच्या अवस्थेला ॲडम झेमन यांनी २०१५मध्ये 'अफँटेझिया' हे नाव दिलं. २०१८मध्ये अशा पंधरा जणांवर हीच लाल-हिरवी चाचणी झाली. रंगाची कल्पना करूनही त्यांच्यात तो कल जवळजवळ आढळला नाही. स्वतःबद्दल ते जे सांगत होते, त्याला असा आधार मिळाला.

याला उणीव म्हणायची घाई नको. पिक्सार या ॲनिमेशन कंपनीचे एक संस्थापक एड कॅटमल यांनाही मनात चित्र दिसत नाही. चित्रकलेच्या तासाला 'डोळे मिटा आणि फूल बघा' असं सांगणाऱ्या शिक्षकांनी मात्र एवढं करावं: वर्गात खरं फूलही आणून ठेवावं. कागदावर रंगवायला सगळ्यांनाच येऊ शकतं, मिटल्या डोळ्यांनी बघायला नाही.

झेमन यांच्याशी बोललेल्या अशा लोकांपैकी बऱ्याच जणांना झोपेत मात्र चित्रं दिसत होती. जागेपणी न येणारं चित्र स्वप्नात कुठून येतं, ते पुढच्या आठवड्यात.