भाकर हाताशी आहे, चक्की सांभाळा

वर्धा जिल्ह्यातील नाचणगाव असो की शेजारचे पुलगाव, चक्कीवर एकाचा गहू दळून झाला की त्याच चक्कीत दुसऱ्याची ज्वारी पडते. ज्वारीच्या पिठात थोडे गव्हाचे पीठ मिसळतेच. बहुतेकांचे त्याने काही बिघडत नाही. 'सीलिअॅक' असलेल्या मुलाचे मात्र बिघडते.

गव्हात ग्लूटेन हे प्रथिन असते. मळलेली कणीक ताणली जाते, ती त्याच्यामुळेच. सीलिअॅकमध्ये ग्लूटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे बारीक अंकुर झिजतात. मग जुलाब होतात, पोट फुगते, वजन आणि उंची वाढत नाही. कधी पोटाची तक्रारच नसते. फक्त लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय असतो. उत्तर भारतात शंभरात सुमारे एकाला हा आजार आढळला आहे.

गव्हाचा हा दोष नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी ओळखला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तेथे पावाची टंचाई झाली, तेव्हा अशी मुले सुधारली. पाव परत येताच पुन्हा खालावली. १९५० मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रबंधात मांडले.

उपचार एकच : गहू, जव आणि त्यांचे पदार्थ आयुष्यभर बंद. मात्र 'टीटीजी' ही रक्ततपासणी होण्याआधी गहू सोडू नये. आधीच सोडला तर तपासणी निर्दोष येऊ शकते आणि निदान हुकते. गरजेनुसार दुर्बिणीतून आतड्याचा तुकडाही तपासतात.

आयर्लंडमध्ये घरोघरी सोडा ब्रेड भाजतात. त्यात यीस्ट नसते. ताकातील आम्ल आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि पाव फुगतो. ग्लूटेन काढले की हा पाव भुसभुशीत होतो, म्हणून तेथे चिकटपणासाठी वेगळे घटक घालावे लागतात. आपल्या आज्यांनी हे कोडे पूर्वीच सोडवले. ज्वारीच्या पिठात उकळते पाणी घातले की त्यातील पिष्ट चिकट होते आणि ग्लूटेनशिवाय भाकर थापता येते.

मुलाला पावच हवा असेल तर दोन वाट्या ज्वारीचे आणि एक वाटी तांदळाचे पीठ, दोन मोठे चमचे इसबगोल, एक लहान चमचा सोडा आणि चवीपुरते मीठ घ्यावे. आंबट ताकात सैलसर गोळा करून लगेच भाजावा. सोडा थांबत नाही.

खरी परीक्षा घराबाहेर असते. पंगतीतले रोडगे, प्रसादाचा शिरा, शेवया, बिस्किटे हे सगळे गव्हाचेच. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहिण्यासाठी भारतात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावे लागते. चक्कीच्या पिठाला असे लेबल नसते. म्हणून घरगुती चक्की घ्यावी किंवा फक्त ज्वारी-तांदूळ दळणारी चक्की शोधावी. लाटणे-पोळपाट आणि तवाही वेगळा ठेवावा.

आजार नसलेल्यांनी गहू सोडण्याचे कारण नाही. पण ज्या घरात मूल वाढत नाही, तेथे गव्हाकडे शंकेने जरूर पाहावे. आधी तपासणी, मग भाकर.