एका लॉकमागे पन्नास टँकर

बार्ज म्हटलं की आपल्याला मांडवीतून खनिज वाहणाऱ्या लोखंडी बार्ज आठवतात. दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदी या कालव्यावरही एके काळी मालच जायचा, मुख्यतः धान्य आणि वाईन. १८५७ मध्ये शेजारून रेल्वे आली आणि हा धंदा हळूहळू बसला. आता तिथे हौशी लोक हिंडतात. आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली बोट भाड्याने मिळते. परवाना लागत नाही. ताबा देताना थोडं शिकवतात, आणि ताशी ८ किलोमीटरच्या वर जायचं नाही, एवढं बजावतात. काठावरचे सायकलवाले सहज पुढे निघून जातात.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. त्यामुळे तिथल्या आमच्या सहलीत बोटीतली मंडळी द्राक्षमळे बघायची तेव्हा माझं लक्ष भरावाकडे आणि दरवाजांच्या गळतीकडे. "अहो, रिटायर झालात ना?" असं सौ.ने दोनदा विचारलंसुद्धा. पण या कालव्याची खरी गंमत द्राक्षांत नाहीच, पाण्यात आहे.

आपला कालवा धरणातून निघतो आणि उताराने शेतापर्यंत जातो. हा २४० किलोमीटरचा कालवा तुलूझहून चढत जातो, नोरूझची १८९ मीटर उंचीची खिंड ओलांडतो आणि पलीकडे भूमध्य समुद्राकडे उतरतो. चढउतार लॉकमधून होतो. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. वरच्या पाण्याने तो भरला की बोट वर येते, खाली सोडला की उतरते. बोट कुठल्याही दिशेने जावो, हौदभर पाणी मात्र खालीच जातं. तिथेच कागदावर ढोबळ हिशेब मांडला, तर एका खेपेला पाच-सहा लाख लिटर. म्हणजे दुष्काळी तालुक्यातले पन्नासएक टँकर, एका लॉकमागे! आणि हे पाणी आणायचं कुठे, तर खिंडीच्या माथ्यावर.

फ्रान्सच्या दोन बाजूंचे समुद्र जोडायची कल्पना जुनीच होती, अडत होतं ते इथे. तोडगा काढला पिएर-पॉल रिके याने. तो इंजिनीअर नव्हता. मिठावरचा कर गोळा करायचा मक्ता त्याच्याकडे होता. माँताञ नुआर डोंगरातले ओढे अडवून पाटाने नोरूझला आणायचे आणि तिथून दोन्ही अंगांना सोडायचे, ही त्याची योजना. साठ्यासाठी सँ फेरेओलला मोठं धरण बांधलं. काम १६६६ मध्ये मंजूर झालं आणि चौदाव्या लुईच्या राज्यात १६८१ मध्ये कालवा खुला झाला. रिके त्याच्या काही महिने आधी वारला, तोही कर्जात बुडून. कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं असत, त्यांत बायकाही बऱ्याच. पावसाचे आणि सुट्टीचे दिवसही भरून मिळत. आमच्याकडे बहात्तरच्या दुष्काळी कामांवर हे कुणी मागितलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं, ते मला माहीत आहे.

आम्ही कास्तेलनोदारीला बोट घेतली. गाव सोडताच सँ रॉकचं चार हौदांचं लॉक लागतं. काठावरच्या खुंटाला दोर नुसता वळसा घालून हातात धरायचा, बांधायचा नाही. उतरताना बांधलेला दोर ताणला जातो आणि बोट भिंतीला टांगली जाऊ शकते. दोर सौ.कडे होता. पाणी सुटलं तशी शेवाळाने काळी पडलेली, निथळती भिंत वर सरकायला लागली आणि सौ. इंचाइंचाने दोर सैल सोडत गेली. हौदाच्या भिंती बाहेर फुगलेल्या, लांबट अंड्याच्या आकाराच्या आहेत. सुरुवातीच्या एका लॉकची सरळ भिंत मातीच्या दाबाने ढासळली, तेव्हापासून रिकेने कमानीचा आधार घेतला. साडेतीनशे वर्षांनी त्याच आकारात बोटी उभ्या राहतात.

बेझियेजवळ फोंसरानला हौदांचा जिनाच आहे, एकवीस मीटरांहून अधिक उतार. तिथे बघ्यांची झुंबड असते. मला त्यापेक्षा रेपूद्रचा १६७६ चा जलसेतू आवडला. खालून नदी, वरून आपण, आणि गर्दी नाही.

काठच्या प्लेन झाडांची दाट सावली छायाचित्रांत दिसते, तशी आता सलग उरलेली नाही. २००६ मध्ये तिथे एका बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ती फ्रान्समध्ये आली, असं मानतात. ४२ हजार झाडांतली हजारो तोडावी लागली, आता दुसऱ्या जातीची झाडं लावताहेत. टोपी न्याच. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा बंद असतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते. मे-जून किंवा सप्टेंबर बरा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॉकही बंद. समोर कितीही बोटी खोळंबल्या तरी लॉकवाला उठत नाही. आमच्या खात्यातले निम्मे लोक तिथे आनंदाने बदली मागतील.