लांब इंग्रजी शब्द तोडायचा कुठे?

लांबलचक इंग्रजी शब्द दिसला की आपला विद्यार्थी बिचकतो. मग त्याला सांगतात, 'तुकडे करून वाच.' सल्ला ठीक आहे. पण तुकडे कसले? उच्चाराचे, की अर्थाचे? हे दोन तुकडे एकच आहेत असं आपण धरून चालतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

'अनप्रिडिक्टेबिलिटी' हा शब्द घ्या. उच्चाराच्या दृष्टीने यात सात सिलॅबल आहेत, म्हणजे एकेका स्वराभोवतीचे सात तुकडे: अन-प्रि-डिक्-ट-बि-लि-टी. अर्थाने पाहिलं तर घटक पाचच: अन म्हणजे नाही, प्री म्हणजे आधी, डिक्ट म्हणजे सांगणे, एबल म्हणजे शक्य, आणि इटी म्हणजे आपला '-ता' किंवा '-पणा'. जे आधी सांगता येत नाही, त्याचा गुणधर्म. आता 'लि' पाहा. त्यातला ल् 'एबल'चा, तर इ 'इटी'ची. अर्थाचा सांधा सिलॅबलच्या पोटातून जातो!

यात नवल नाही. आपल्या 'अनाकलनीयता'त हेच घडतं. अन् आणि आकलन यांचा सांधा 'ना' या अक्षराच्या आत आहे. संधी शिकलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट आघात. ती मात्र आपल्याला नवी, कारण मराठीत आपण अक्षरांना साधारण सारखंच वजन देतो. इंग्रजीत एकच सिलॅबल ठसठशीत, बाकीचे दबलेले. वरच्या शब्दात मुख्य आघात 'बि'वर आहे. अर्थाचा गाभा असलेल्या 'डिक्ट'वर नाही! म्हणून आपण ठणठणीत 'टे' म्हणतो, तिथे इंग्रजी भाषक ओझरता 'ट' म्हणतो.

हा आघात बहुधा शेपटी ठरवते. शेवटी 'इटी', 'इक' किंवा 'शन' आलं की आघात सहसा त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर जातो. इलेक्ट्रिकमध्ये तो 'लेक्'वर असतो, इलेक्ट्रिसिटीत 'ट्रि'वर सरकतो. 'नेस' किंवा 'लेस' जोडलं तर तो जागचा हलत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. अर्थासाठी घटक सोडवा. शेपटी पाहून आघात शोधा. शंका वाटली तर शब्दकोशात उच्चार बघा, आघाताच्या आधी छोटी उभी रेघ असते. मग सिलॅबल मोजत शब्द मोठ्याने म्हणा. अर्थ कळूनही उच्चार चुकला, तर ते बुद्धीचं उणेपण नव्हे. ते दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढंच.