दोन रात्रींची शर्यत

ऑगस्टच्या अखेरीस फ्रान्समधलं शामोनी हे आल्प्सच्या कुशीतलं गाव धावपटूंनी गजबजतं. मों ब्लाँ या 4,800 मीटरहून उंच पर्वताभोवती प्रदक्षिणा घालणारी ‘यूटीएमबी’ ही शर्यत इथून सुटते आणि इटली, स्वित्झर्लंड करत पुन्हा इथेच संपते. अंतर सुमारे 170 किलोमीटर, एकूण चढाई सुमारे 10,000 मीटर आणि मुदत साडेशेहेचाळीस तास. आतकरवाडीतून सिंहगड चढला की साधारण सहाशे मीटर चढाई होते. तशा सोळा-सतरा चढाया, आणि तेवढेच उतार. 2003 मध्ये पहिली शर्यत झाली तेव्हा सातशेच्या आसपास लोक सुटले आणि 67 जण शेवटपर्यंत पोहोचले. पहिला आला नेपाळचा दावा शेर्पा. आज दोन हजारांहून जास्त जण सुटतात आणि त्यातला साधारण दर तिसरा माणूस अर्ध्यातूनच परत फिरतो.

मुदतीचा हिशेब केला तर ताशी चार किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. हा वेग ऐकून अनेकजण भुलतात. अमेरिकेचा जिम वॉल्म्सली 2023 मध्ये 19 तास 37 मिनिटांत पोहोचला. त्याच्या वाट्याला एकच रात्र आली. मागच्या फळीतला माणूस मात्र शुक्रवारी संध्याकाळी सुटतो आणि रविवारी दुपारपर्यंत चालत असतो. त्याला दोन रात्री काढायच्या असतात, आणि दुसऱ्या रात्री झोपेअभावी दगडधोंड्यांतही माणसं दिसायला लागतात. आपल्याकडून जाणाऱ्याची आणखी एक अडचण असते. तिथलं उन्हाळी घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. संध्याकाळी सहाला शर्यत सुटली, तर नुकत्याच पोहोचलेल्या शरीराच्या लेखी रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. म्हणून निदान चार-पाच दिवस आधी जावं.

प्रवेशही थेट मिळत नाही. यूटीएमबीच्या जागतिक मालिकेतल्या एखाद्या शर्यतीत धावून ‘रनिंग स्टोन’ कमवावे लागतात. जितके स्टोन जास्त, तितक्या सोडतीत चिठ्ठ्या जास्त. थायलंड, मलेशियात अशा शर्यती होतात आणि त्या आपल्याला जवळ पडतात. विमान बहुधा जिनिव्हाला उतरतं. तिथून शामोनी रस्त्याने दीड तासाच्या आत. तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे एकच व्हिसा पुरतो, पण मुक्काम फ्रान्समध्ये जास्त असेल तर अर्ज फ्रान्सकडेच करावा लागतो.

सामानात जॅकेट, दोन हेडलॅम्प, थर्मल चादर, शिट्टी, स्वतःचा पेला हे सक्तीचं असतं आणि त्याची तपासणी होते. ही सक्ती उगाच नाही. ग्रां कोल फेरे ही इटली-स्वित्झर्लंड सीमेवरची खिंड 2,537 मीटरवर आहे. उंचीमुळे दम लागतोच, पण तिथला खरा शत्रू म्हणजे वारा. घामाने भिजलेला माणूस खिंडीत पाच मिनिटं थांबला की कुडकुडायला लागतो. खराब हवामानामुळे 2010 मध्ये शर्यत थांबवावी लागली होती आणि 2012 मध्ये मार्ग तोडून आखूड करावा लागला होता.

सह्याद्रीत सराव केलेल्याला घसारा, दगडी पायवाट, अंधार यांची सवय असते. सिंहगड-राजगड-तोरणा ही पुण्याजवळची अल्ट्रा त्यासाठी उत्तम तालीम आहे. कमी पडतो तो तासन् तास चालणारा एकसलग उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. त्यांच्या तंतूंना बारीक इजा होत जाते आणि शंभराव्या किलोमीटरला पायऱ्या उतरणंही नकोसं होतं. चढण्याइतकाच सराव उतरण्याचाही हवा, तो यासाठी.

पोटाचंही तसंच. तासन् तास श्रम चालू असताना रक्त स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं आणि अनोळखी खाणं नेमकं तेव्हाच उलटतं. थांब्यांवर सूप, चीज, पाव, केळी, कोला मिळतं. शाकाहारी माणसाने आपली शिदोरी बरोबर ठेवलेली बरी. मात्र युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे घरीच ठेवावेत. चिक्की आणि गुळातले राजगिऱ्याचे लाडू ऊर्जा देतात.

खरी कसोटी लागते ती ऐंशीव्या किलोमीटरच्या आसपास, कूरमायूरला. इटलीतलं हे गाव. क्रीडासंकुलात उजेड, ऊब, गरम जेवण, तुमची आधी पाठवलेली पिशवी आणि कोरडे मोजे. बाहेर बस उभी. मों ब्लाँच्या पोटातून गेलेला 11.6 किलोमीटरचा बोगदा ओलांडला की तासाभरात शामोनी. पायी जायचं तर अजून नव्वद किलोमीटर. सर्वात जास्त माघार इथेच होते, यात नवल नाही. जे पुढे जातात ते बहुधा खुर्चीत फार रेंगाळत नाहीत. बारा थांब्यांवर वीस-वीस मिनिटं घालवली तरी चार तास जातात, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळी मुदत असते. ती चुकली की शर्यत तिथेच संपते.

पण उलट चूकही, म्हणजे थांबायला हवं तेव्हा न थांबणं, तितकीच महाग पडते. व्हिसा, तिकीट, हॉटेल यांवर लाखभर रुपये सहज उडालेले असतात. त्यामुळे पाय मुरगळला, पोटात पाणी टिकेना, तोल जायला लागला, तरी माणूस पुढे रेटत राहतो. 2021 मध्ये याच सोहळ्यातल्या टीडीएस शर्यतीत एका धावपटूचा पडून मृत्यू झाला. डोंगर तिकिटाचे पैसे मोजत नाही. तेव्हा कोणत्या अवस्थेत थांबायचं, हे घरी बसून, डोकं शांत असताना कागदावर लिहून ठेवावं. झोप उडालेल्या दुसऱ्या रात्री तो निर्णय घेण्याइतकं डोकं चालत नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्याने तर याच सोहळ्यातली पन्नास-साठ किलोमीटरची ओसीसी किंवा शंभराची सीसीसी निवडावी. त्याही शामोनीतच संपतात, आणि पूर्ण प्रदक्षिणेचा विचार पुढच्या खेपेला करता येतो.