निवारा, रैनबसेरा आणि अंगण : व्यसनमुक्तीच्या कथनातील घराचे स्थान

कोपर्निकस मार्ग मराठी माणसाला जुन्या महाराष्ट्र सदनामुळे परिचित आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मंडी हाऊसकडील रवींद्र भवनामुळे. याच दिल्लीत बेघरांच्या रात्रनिवाऱ्यांना ‘रैनबसेरा’ म्हणतात. २०१० च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या दिल्ली नागरी निवारा सुधार मंडळाकडे त्यांची व्यवस्था आहे. या शब्दात रात्रीपुरता मुक्काम सूचित होतो. मराठी ‘निवारा’ ‘निवारण’शी नाते सांगतो : ऊन, पाऊस, थंडी यांना दूर ठेवणारी जागा. व्यसनातून सावरणाऱ्या बेघर माणसाला मात्र या दोहोंपलीकडचे काही हवे असते.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, लेखकाच्या निधनानंतर, रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर मद्य सोडतो, नोकरीसाठी जुन्या परिचितांची दारे ठोठावतो आणि अपमानित होऊन पुन्हा प्याल्याकडे वळतो. ही शोकांतिका सामान्यतः मनोदौर्बल्याची मानली जाते. परंतु सुधाकराला स्वीकारणारी संघटित जागा नाटकात एकच आहे : आर्य मदिरा मंडळ. निश्चय केलेल्या माणसासाठी तसे मंडळ नाही. त्याचा सारा भार सिंधूच्या घरावर पडतो आणि ते घर कोसळते.

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या व्यसनमुक्ती केंद्राचे ‘मुक्तांगण’ हे नाव या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. अंगण घराचेच असते, पण उंबऱ्याबाहेर; रस्त्याला लागून, तरीही रस्ता नव्हे.

१९३५ साली अमेरिकेत उदयास आलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसने आत्मकथनाला उपचाराचे स्थान दिले : पूर्वी आपण कसे होतो, काय घडले, आज कसे आहोत. या कथनाचा शेवट बहुधा घरी परतण्यात होतो. ज्याला परतण्यास घरच नाही, त्याची कथा कोठे संपावी? रात्रनिवारा सकाळी त्याला पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच सोबतीत सोडतो. म्हणून दीर्घ मुदतीच्या व्यसनमुक्त निवासाचे प्रयोजन छपरापुरते मर्यादित नाही. रोज तीच माणसे ऐकण्यास असणे, कामाची सवय लागणे आणि पाय घसरल्यास पुन्हा दार उघडे मिळणे, यांमुळे कथनाला श्रोता व उत्तरार्ध लाभतो. सुधाकराला नेमके हेच अंगण मिळाले नाही.